चांदी मोजायला दोघी लागतात

चांदी मोजायला दोन माणसं लागतात. तराजूत घालून म्हणत नाही मी, ते सोनार एकटाच करतो. मी बोलतेय ती किरणोत्सारी केलेली चांदी. तिचं आयुष्य मोजायला एका माणसाचे डोळे पुरत नाहीत, आणि हे मला कुठल्या पुस्तकानं शिकवलेलं नाही. मी कित्येक महिने ती एकटीनं मोजून बघितलीय.

मुलुंडच्या एका कॉलेजात मी फिजिक्सची डेमॉन्स्ट्रेटर होते. एम.एस्सी.च्या मुलांची प्रॅक्टिकल घ्यायची, हे माझं काम. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक लांबलचक खोली होती. तिच्या एका टोकाला पॅराफिनच्या मेणानं भरलेलं पिंप, आणि त्या मेणाच्या पोटात न्यूट्रॉन सोडणारा बोटाएवढा स्रोत. दुसऱ्या टोकाला गायगर काउंटर. रुपयाएवढा चांदीचा पत्रा मेणातल्या भोकात ठेवायचा, थोडा वेळ थांबायचं, मग बाहेर काढून पळत सुटायचं. हो, पळत. कारण त्या पत्र्यात आता दोन तऱ्हेची किरणोत्सारी चांदी तयार झालेली असते. एक घाईची, ती चोवीसेक सेकंदांत निम्मी होते. दुसरी निवांत, तिला निम्मं व्हायला जवळजवळ अडीच मिनिटं लागतात. दोघी बीटा किरण सोडतात आणि चांदीपण टाकून कॅडमियम होऊन बसतात. खोलीच्या त्या टोकाहून या टोकाला येईपर्यंत घाईची चांदी पाव तरी संपलेली असते, म्हणून पळायचं.

पुढे खरी गंमत. काउंटरवरचे लाल आकडे भराभर पळत असतात. त्यांच्यावरून नजर हलली की गेले. घड्याळावरून नजर हलली तरी गेले. म्हणून एकीनं घड्याळ धरायचं, दर दहा सेकंदांनी ‘वाच’ म्हणायचं आणि दुसरी वाचेल ते लिहून घ्यायचं. दुसरीनं जगाकडे पाठ करून नुसतं वाचायचं. मोजणी चालू असताना दुसरा शब्द काढायचा नाही, कुणी आत यायचं नाही, आग लागली तरी आधी आकडा. हा आमचा नियम होता. आमचा म्हणजे माझा आणि माझ्या मैत्रिणीचा.

तीही डेमॉन्स्ट्रेटर. मालवणकडची, सासर भांडुपला. ‘वाच’ तिचं आणि वाचणं माझं, अशी आमची चार वर्षं चालली होती. मुलं शेपटाला कंटाळायची. शेपूट म्हणजे मोजणीचा शेवटचा भाग. घाईची चांदी केव्हाच संपलेली, निवांत चांदी हळूहळू निवत चाललेली, आकडा एवढासा वाढणारा. पोरं म्हणायची, मॅडम, आता काय उरलंय त्यात, सोडू ना. ही त्यांच्यावर खेकसायची, शेपूट सोडलंस तर तुझी वाट लागली समज. खरंच होतं ते. आधी शेपूट शेवटपर्यंत मोजावं लागतं, त्याची रेघ आलेखावर मागे ओढत न्यावी लागते, आणि ती एकूणातून वजा केली की मगच घाईची चांदी दिसते.

मी तेव्हा तेहेतिशीची, बिनलग्नाची, घाटकोपरला भावाच्या बिऱ्हाडात राहणारी. लोकांनी माझ्यासाठी स्थळं सांगणं बंद केलं होतं, म्हणजे विषय कायमचा मिटला होता. भाऊ-वहिनी चांगली होती, पण घरात माझं बोलणं म्हणजे ‘दूध आणलंय’ आणि ‘बल्ब गेलाय’. मनातलं बोलायला जगात एक माणूस होतं, आणि ते भांडुपहून यायचं. हे मी तिला कधी सांगितलं नाही. सांगतं कोण असलं काही?

मग परदेशात ती अणुभट्टी फुटली. बाहेरून आलेल्या लोण्यात किरणं आहेत की नाहीत यावर पेपरात रोज काहीतरी छापून यायला लागलं. कालपर्यंत ज्यांना बीटा म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्या बायका मला कॉरिडॉरमध्ये बघून भिंतीच्या कडेनं जायला लागल्या. डोंबलाची किरणं. मी एकेकीला धरून समजावलं की स्रोत मेणात बंद आहे, मी तो अंगाखांद्यावर घेऊन फिरत नाही. सगळ्या म्हणायच्या, हो हो, आम्हाला कुठं काय वाटतंय. आणि दुपारी स्टाफरूममध्ये डबे उघडले की माझ्या डब्यात कुणाचा हात यायचा नाही. एकदा मुद्दाम पहाटे उठून सुरळीच्या वड्या केल्या, ज्यांच्यासाठी याच बायका एकमेकींच्या हातावर चापट्या मारायच्या. एकीचा त्या दिवशी उपास निघाला, दुसरीचं पोट बिघडलेलं, तिसरीला म्हणे बेसन चालतच नाही हल्ली. सगळ्या वड्या मी एकटीनं खाल्ल्या, बसस्टॉपवर उभी राहून, आणि संतापानं मला त्यांची चवसुद्धा कळली नाही.

मैत्रीण मात्र माझ्या डब्यातलं खायची. सगळ्यांदेखत, जरा जास्तच चवीनं खायची.

आणि नेमके त्याच सुमाराला तिला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, डॉक्टर झाले, नवससायास झाले, तिनं आशा सोडल्यात जमा होती. तिलाही दीड-दोन महिने उशिराच कळलं. मला आधी सांगितलं, पिंपाशेजारी उभी राहून, आणि सांगतानाच तिचं लक्ष पिंपाकडे गेलं. मीही तिकडे बघितलं. मग आम्ही दोघी हसलो आणि बाहेर आलो.

दुसऱ्या दिवसापासून तिला खालच्या मजल्यावर ऑप्टिक्सच्या लॅबमध्ये पाठवलं. ते योग्यच होतं, पोटुशा बाईला तिथं ठेवायचं नाही असा नियमच आहे, आणि मीच आमच्या हेडना तसं सांगितलं होतं. पण तिच्या सासूबाईंना नियम पुरला नाही. त्यांनी शपथ घातली, ‘त्या खोलीत पाय टाकलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत.’ हे ती मला नक्कल करून सांगायची, आणि नक्कल इतकी झकास करायची की मी हसून हसून बेजार व्हायचे.

हळूहळू नकला थांबल्या. ती डबा खालीच खायला लागली. जिने चढायचे नाहीत म्हणून, असं म्हणाली. मी खाली जायचे, तर तिथं चार बायका भोवती बसलेल्या असायच्या, आणि मी आले की कुणाला तरी तास आठवायचा. मग मीच जाणं कमी केलं.

तिच्या जागी मला कुणी मिळालं नाही. हेड म्हणाले, परीक्षेआधी नवीन काउंटरची ट्यूब चांदी मोजून तपासून ठेवा, जमेल ना एकटीला? जमेल म्हटलं. न जमून सांगते कुणाला? दहा सेकंद मोजायचं, काउंटर थांबवायचा, आकडा लिहायचा, शून्यावर आणायचा, परत चालू. तेवढ्यात पुढचे दहा सेकंद गेलेले. म्हणजे एकाआड एक आकडा वाया. निवांत चांदी मिळायची त्यातूनही, पण घाईची हाताला लागायचीच नाही. आलेखाच्या सुरुवातीला चार-पाच ठिपके, त्यातून कशीही रेघ काढावी. रोज पिंपाकडून काउंटरकडे एकटीच धावायचे. कुणी बघितलं असतं तर वेड लागलंय म्हणालं असतं.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण ठरलं. हे मला स्टाफरूमच्या दारात कळलं. आत बायका साड्यांचं बोलत होत्या, कोण हिरवी नेसणार आणि कोण काय देणार, आणि मी आत पाऊल ठेवताच विषय एकदम पगाराकडे वळला. मला आमंत्रण नव्हतं. मी वाट बघितली. ती वर येऊ शकत नाही, ठीक आहे, पण निरोप? शिपायाच्या हातून चिठ्ठी? काही नाही. मी स्वतःला सांगत राहिले की विसरली असेल. पण डोहाळजेवणाला मैत्रिणीला बोलवायचं कोण विसरतं?

आणि वहिनी. डोहाळजेवण आहे एवढं मी तिच्याजवळ बोलून गेले होते, बाकी तिनं गृहीतच धरलं होतं. त्या शनिवारी तिनं स्वतःची इरकल इस्त्री करून माझ्या पलंगावर ठेवली, अंबाड्यावर घालायला गजरा आणला. ‘नेसा की जरा बरं काहीतरी, मैत्रिणीचं आहे,’ म्हणाली. मी नेसले. काय सांगणार होते? गजरा माळून घराबाहेर पडले आणि भांडुपऐवजी जुहूच्या बसमध्ये बसले. वाळूत इरकल नेसून एकटी बसलेली बाई बघून भेळवालासुद्धा दोनदा विचारून गेला की कुणी येणार आहे का. अंधार पडायच्या आत घरी आले. वहिनीनं विचारलं, काय काय होतं जेवायला? मी सांगितलं, पुरणपोळी, मसालेभात, कटाची आमटी. काकडीची कोशिंबीरही सांगितली. ती म्हणाली, छान. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सोमवारी कॉलेजात गेले ती थेट त्या खोलीत. मला कुणाचं तोंड बघायचं नव्हतं. पत्रा मेणात घातला, वेळ झाली, काढला आणि धावले. धावताना दाराकडे नजर गेली तर उंबऱ्याबाहेर ती उभी.

थांबता येत नव्हतं. हातातली चांदी संपत चाललेली. मी पत्रा ट्यूबखाली सरकवला, काउंटर चालू केला, दाराकडे पाठ करून बसले. मनात राग इतका होता की बरंच झालं, उभी राहू दे, असंच वाटलं. डोहाळजेवणाचा हिरवा चुडा तिच्या हातात होता, तो किणकिणला. मी मान वळवली नाही. आणि मागून आवाज आला, ‘वाच.’

मी वाचलं. काउंटर थांबवायला गेलेला हात मागे घेतला, आकडे पळू दिले. परत ‘वाच’. परत वाचलं. ती दारातून मनगटावरच्या घड्याळात बघत होती आणि कशावर तरी लिहीत होती, पेनाची खरखर ऐकू येत होती. एक आकडा चुकला नाही. घाईची चांदी धडाधड खाली येत होती आणि आम्ही तिला अडवून अडवून मोजत होतो. मग वेग ओसरला, शेपूट सुरू झालं. सातव्या महिन्याची बाई, उंबऱ्याबाहेर उभी, पायावर सूज. मला वाटत होतं, आता बस म्हणेल. तिनं शेपूट सोडलं नाही. अगदी शेवटी, आकड्यात फक्त आसपास नेहमीच असणारी किरकोळ किरणं उरली, तेव्हा मीच काउंटर बंद केला. त्या वर्षात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. राग कुठं गेला तेही कळलं नाही.

बाहेर आले. ती कॉरिडॉरमधल्या बाकावर टेकली होती. आकडे तिनं दुकानाच्या कागदी पिशवीवर लिहिले होते, ती पिशवी माझ्या हातात दिली. मी जरा तुसडेपणानंच म्हटलं, ‘छान झालं म्हणे सगळं.’

ती म्हणाली, ‘सासूबाई म्हणाल्या, तिला नको बोलवू, आणि मी भांडले नाही.’ एवढंच. माफी वगैरे काही नाही. मग तिनं पर्समधून खण काढला, नारळ काढला, रुमालात बांधलेले तांदूळ काढले, सगळं बाकावर मांडलं आणि म्हणाली, ‘ओटी भर माझी.’

मी म्हटलं, अगं, मी कुठली सवाष्ण. ती म्हणाली, मला माहीत आहे, तू भर. आणि मग तिनं बाकीचं सांगितलं. पहिले दोन महिने ती रोज आत येत होती. पिंपापासून चार हातांवर. दिवस गेलेत हे माहीत नसताना. रात्री ते आठवतं. बाळ थोडा वेळ हललं नाही की ती उठून बसते, हलवून हलवून बघते. घरात कुणाला सांगायची सोय नाही, सासू म्हणेल मी म्हटलंच होतं.

मी सांगायला सुरुवात केली. मेण किती जाड, स्रोत किती लहान, त्या अंतरावर किती पोचतं, चांदीतून येणारं तर धरायलाच नको. खरं तेच सांगत होते. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘हे सगळं मलाही येतं गं. मीच शिकवते ना पोरांना. आकडे नको सांगूस. तू तुझ्या हातांनी ओटी भर, म्हणजे मला झोप लागेल.’

मला एकदम भरून आलं. म्हटलं, थांब, हात धुऊन येते.

कॉरिडॉरच्या टोकाला बेसिन होतं. साबण लावला, हात धुतले. मग परत साबण लावला आणि कोपरापर्यंत धुतले. मग नखांच्या आतून. नळ चालू होता आणि मी धूतच होते. आजही मला कळत नाही मी काय धूत होते. त्या पत्र्यातली चांदी आम्ही दोघींनी नुकतीच शेवटपर्यंत मोजून संपवली होती. हाताला चिकटून दुसऱ्याकडे जाईल असं त्यात काहीसुद्धा नसतं, हे मी दर वर्षी पोरांना घसा फोडून सांगत आलेय. चार वर्षांत तो पत्रा हाताळल्यावर मी कधी हात धुतले नव्हते. त्याच हातांनी आम्ही ह्याच कॉरिडॉरमध्ये तिखटमीठ लावून पेरू खाल्ले होते. हे सगळं मला तिथं उभ्या उभ्या माहीत होतं, आणि मी तिसऱ्यांदा साबण घेतला.

वळले तेव्हा ती पदर पसरून बसली होती आणि माझ्या हातांकडे बघत होती. लालबुंद झाले होते.

‘किती वेळा धुतलेस?’ तिनं विचारलं.

तिचा आवाज चिडलेला नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. मी तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. बोलत होते, खूप बोलत होते, अगं खडूचे हात, सवय असते, देवाधर्माचं आहे म्हणून धुतले. ती मान हलवत होती. ‘हो गं, तसंच असतं,’ म्हणाली. माझीच समजूत घालत होती. मग पदर गोळा करून पोटाशी धरला आणि कठड्याचा आधार घेत जिना उतरून गेली. मी खाली सोडायला येते म्हटलं, तर नको म्हणाली.

पिशवीवरचे आकडे मी त्याच दुपारी आलेखावर मांडले. शेपटाची रेघ मागे नेली, वजा केली, आणि घाईची चांदी सुतासारखी सरळ आली. इतकी सरळ तिची रेघ मला पुन्हा कधी मिळाली नाही. हेडना दाखवली. ते म्हणाले, बघा, जमलं की एकटीला.

मुलगी झाली. धडधाकट, गुटगुटीत, कशात काही कमी नाही. स्टाफरूममध्ये पेढे आले, आणि त्या दिवशी माझ्या टेबलावरही दोन ठेवले होते. ती कामावर परत आली नाही. राजीनामा द्यायला तिचा नवरा आला. जिन्यात भेटला, मी तिची चौकशी केली. सरळ माणूस, मनात काही नव्हतं त्याच्या. म्हणाला, आता बरी आहे हो, पण शेवटचे दोन महिने काय झालं होतं कोण जाणे, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बसून राहायची नुसती. डॉक्टरांनी सांगितलं, आईनं सांगितलं, कुणाचं काही ऐकलं नाही.

मी हो म्हटलं आणि वर गेले. कुणाचं ऐकायला ती त्या दिवशी माझ्याकडे आलीच नव्हती. तिला माझे न धुतलेले हात हवे होते.